चार सेकंद

ताम्पेरे. हॉल क्रमांक तीन, दुपारचं शेवटचं सत्र.
शेजारच्या हॉलात टाळ्या; तिथे भविष्य चाललंय.
इथे आम्ही अकरा जण
आणि राइली हाक्कारायनेन, जिचा क्लिकर रुसलाय.

पडद्यावर एकच ओळ:
थांबा, चार सेकंद.
धरणाचं दार उघडण्याआधी. का, ते लिहिलेलं नाही.
"एकोणीस वर्षं हिला कुणी हात लावला नाही," ती सांगते.
"मी लावला. काढून टाकली.
सगळ्या चाचण्या हिरव्यागार."
कुणीतरी हसतं.

प्रश्न?
माइक फिरत फिरत मागे जातो,
लोकरी टोपी मांडीवर धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे.
गळ्यात पाहुण्याचा बिल्ला, नाव पेनानं लिहिलेलं: केइयो.

प्रश्न नाही, तो म्हणतो.
ओळ माझी आहे.
दारावर उर्पो असायचा, गुडघ्यानं अधू.
भोंगा झाला की फळीवरून उतरायला त्याला
तीन सेकंद लागायचे.
चौथा मी पदरचा घातला.

राइली वळून पडद्याकडे बघत राहते.
'वेळ संपली'ची पाटी धरलेला पोरगा
पाटी हळूच पाठीमागे नेतो.

"उर्पो आता कुठे असतो?"

"गेला गं. मागच्या थंडीत.
झोपेत, घरी."