लाल पुठ्ठा

येमुलांच्या घरात शिरलं की आधी माग लागतात.
चार. टॉवेलचे.
त्यांच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत
पोत्यावर बसलेली लास्या, वय साडेसहा,
बोटाला दोरा गुंडाळणारी, सोडणारी,
गुंडाळणारी.

पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं :
आवाजाचा त्रास. हेडफोन हवा.
ध्येय एक, नजरेला नजर, तीन सेकंद.
ध्येय दोन, नावाला ओ.
आम्हाला शिकवलंच होतं तसं, ध्येय मोजता आलं पाहिजे,
अंबादासभाऊ डझनावर टॉवेल मोजतात तसं.

मी गालाजवळ बिस्किट धरायचे.
लास्या, इकडे बघ.
तिची नजर बिस्किटावरून माझ्या कानातल्यावर,
कानातल्यावरून
पत्र्याच्या भोकातून पडलेल्या उन्हाच्या नाण्यावर.
दीड सेकंद, मी लिहायचे. कधी पाऊण.
भाग्यम्मानं एकदा शिलाई मशीन थांबवून विचारलं,
"मॅडम, तुम्ही ऐकताना माणसाकडंच बघता का हो?
मी तर सुईकडं बघते."
मी हसले. वहीत उत्तर नव्हतं.

मग एका मंगळवारी लाईट गेली.
चारी धोटे जागच्या जागी थिजले
आणि लास्या किंचाळली.
कानांवर हात, डोकं भिंतीवर, एकदा, दोनदा,
मी उशी शोधेपर्यंत तिसऱ्यांदा.
अंबादासभाऊ धावत आले. कपाटातली चादर ओढली,
लग्नातली, जाडजूड, अजून रंग न गेलेली,
चार पदरी करून तिच्या पाठीवर टाकली,
वर स्वतःचे दोन्ही हात ठेवले
आणि तोंडानं मागाचा आवाज काढत बसले,
खटाक् खट, खटाक् खट,
साखर पेठेतल्या त्या सुन्न दुपारी
एकटा चालू राहिलेला माग.

वजनदार पांघरूण मिळतं, कंपनीचं, पाच हजारांना.
मी यादीत लिहून दिलं होतं त्यांना.
चादरींच्या गावात.

त्या रात्री "आवाजाचा" खोडलं.
वर लिहिलं, "आवाज थांबण्याचा".
खोडलेलं खाली दिसतं अजून. दिसू दे.

चित्रांची कार्डं केली मग. पाणी. झोका. भात. थांबलेला माग.
सगळी मागायची नाहीतर दाखवायची.
भाग्यम्मा म्हणाली, "आणि नको?"
एकोणीस वर्षं शिकवतेय.
नकोचं कार्ड मी कधी केलं नव्हतं.
"तुमच्यात काय म्हणतात नकोला?"
ती गप्प झाली. कुणा डॉक्टरनं सांगितलं होतं,
पोरीशी एकच भाषा बोला,
तेव्हापासून आई लेकीशी उसन्या मराठीत बोलत होती,
म्हणजे फार बोलतच नव्हती.
"वद्दु," ती म्हणाली, दाराकडे बघून,
कुणी ऐकेल की काय अशी.

टॉवेलच्या खोक्याचा लाल पुठ्ठा. वर उघडा तळहात.
दोन महिने लास्यानं तो नुसता चावला.

काल. गालाजवळ बिस्किट.
(सवय. दुसरं काय म्हणू.)
लास्या, इकडे बघ.
ती उठली. पोत्याखालून
कोपरे झिजलेला, थुंकीनं मऊ झालेला लाल पुठ्ठा काढला
आणि माझ्या मांडीवर ठेवला.
माझ्याकडे बघितलं नाही.
भाग्यम्मानं मशीनवरचा पाय उचलला.

"वद्दु," मी म्हणाले, माझ्या बार्शीच्या जिभेनं, चुकीचं.
बिस्किट खाली ठेवलं.
तिनं ते उचललं, खाल्लं,
चुरा पोत्यावर झटकला आणि दोऱ्याकडे वळली.

वहीत ध्येय एकपुढे मी लिहिलं, बंद.
मग या घरात बंद म्हणजे काय ते आठवलं
आणि तेही खोडलं.

मागापलीकडून अंबादासभाऊ ओरडून विचारत होते,
"मॅडम, आज किती सेकंद?"
एवढ्या आवाजात ऐकू येत नाही,
असं मी हातानं दाखवलं.