हाळी एर्मिगुआहून

दवाखान्याच्या नव्या मजल्यावर अकरा संगणक
सकाळपासून एकच विचारतायत:
कोणी आहे का? मला पत्ता द्या.
ठरावीक कोणाला नाही,
तारेवर जो कोणी असेल त्याला.
द्यायचा तो सर्व्हर बसलाय सान सेबास्तियानला,
डोंगर आणि बोगदा ओलांडून,
आणि अशी सगळ्यांना मिळून घातलेली हाक
राउटरच्या उंबऱ्यावर विरते.
विरायलाच हवी. नाहीतर बेटभर नुसता कल्ला.

थोडं थांबून ते स्वतःच स्वतःचं बारसं उरकतात:
१६९.२५४, पुढे सुचतील ते आकडे.
पत्ता खोटा नाही.
फक्त त्यावर कोणी येत नाही.

बाहेर बाकावर केळीच्या मळ्यातली माणसं,
सदऱ्यांवर चिकाचे काळे डाग.
नर्स ओबदुलिया दारातून डोकावते: झालं?
मी म्हणते, होतंय.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन सिल्वेरियो माझ्यामागे उभा.
काय करतेस, ग्वासिमारा?
मी सांगते, राउटरला शिकवतेय
की इथली हाक ऐक, आणि पलीकडे नेऊन पोचव.
तो हसतो. म्हणजे माझा काका.
काका कड्यावर शेळ्या राखायचा,
खालून शीळ आली की दोन बोटं तोंडात घालून
तीच शीळ पुढच्या दरीत सोडायचा.
पण आधी स्वतःचं नाव.
नाव नसेल तर पलीकडच्याला कसं कळणार
हाक कुठल्या दरीतली?

माझी बोटं क्षणभर थांबली.
त्या हाकेत एक रिकामा रकाना असतो,
मधल्याने तिथे आपला पत्ता भरायचा,
म्हणजे सर्व्हर ओळखतो कुठल्या ढिगातून काढून द्यायचं.
हे मी तीन वर्षं शिकले, परीक्षा देऊन.

एकच ओळ लिहायची होती. लिहिली. १०.४०.०.७१.
काही नाही.
आकडे तपासले. काही नाही.
येरायला फोन लावला.
तो म्हणाला, पोचतेय की हाक, अकराच्या अकरा.
मी केव्हाचा घे घे म्हणतोय,
तूच घेत नाहीस.

सिल्वेरियोने जुडगा खिशात टाकला.
एका रात्री काकाने डॉक्टरसाठी शीळ घातली, तो सांगू लागला.
पलीकडून उत्तर आलं होतं: निघालो.
वारा समुद्राकडचा. काकाला ऐकूच आलं नाही.
शेवटी चौघांनी बाईला खुर्चीत बसवून
खालच्या वाटेने नेलं.
डॉक्टर खेचरावरून वरच्या वाटेने येत होता.
चुकामूक.
बाई कोण, ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

येराय, मी म्हटलं,
तुझ्याकडे आमची वाट आहे का? परतीची?
फोनवर बराच वेळ कळांचा आवाज.
मग: अरे हो. हा मजला माझ्या यादीतच नाही.

पहिला दिवा हिरवा झाला. मग बाकीचे, अडखळत.
ओबदुलियाच्या टेबलावर १०.४०.२३.११,
आठ दिवसांच्या करारावर.
चौथ्या दिवशी, कोणी न सांगता,
तो पुन्हा विचारेल: राहू ना?
या वेळी ओरडून नाही.
ओळखीच्याला, हळू आवाजात.

लिहून ठेव ती वाट, सिल्वेरियो म्हणाला.
मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, आकडे लिहिले,
कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.
त्याने कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

बाहेर ओबदुलियाने पहिलं नाव पुकारलं.
बाकावरून कोणी उठलं नाही.
तिने पुन्हा पुकारलं.