तारीख

हडसन उपसागराकाठच्या दवाखान्यात
नर्सने विचारलं, शेवटची पाळी कधी?
आलासीने एक अख्खा महिना खिशात घातला
आणि अलीकडची तारीख सांगितली.

थोरल्याच्या वेळी तीन आठवडे आधीच
विमानाने दक्षिणेला नेलं होतं.
उताणी खाट, बांधलेले पाय,
आणि "जोर लाव" म्हणत असावी अशी
कुणाची तरी भाषा.

या खेपेला विमान गुरुवारी यायचं होतं.
मंगळवारीच दिवस भरले.
स्वयंपाकघरात, सीलच्या कातड्यावर गुडघे रोवून,
मावशीच्या खांद्यात दात रुतवून
ती बाळंत झाली.

नर्स धावत आली,
बुटांवरचा बर्फही न झटकता.
"अगं, हिशेब चुकला तुझा!"

आलासी बाळाची बोटं मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
"बरोबर दहा."