चिठ्ठ्यांचा डबा

शुक्रवारी रात्री नऊला
चर्चच्या मागच्या खोलीत, जिथं रविवारी पोरं धर्मशिक्षणाला बसतात,
आम्ही पाच जण त्यांच्याच बुटक्या बाकांवर.
गुडघे हनुवटीला टेकतात.
लुकस खरात भट्टीवरून थेट येतो,
शर्टाला लोखंडाचा वास, भुवया अर्ध्या जळालेल्या.
पास्कल रिक्षा बाहेर लावतो, किल्ली हातात खुळखुळवत बसतो.
अन्तोन मास्तर. आगुस्तीनबाबा, शिंपी.
आणि मी. घरात कचरू, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात क्लेमेंट.

मधोमध बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत आगुस्तीनबाबाच्या हातच्या चिठ्ठ्या,
मापांच्या वहीची पानं फाडून केलेल्या;
मागे कुणाची कंबर, कुणाची छाती.
एकेकानं एक काढायची. मनात वाचायची.
पुढच्या शुक्रवारपर्यंत करायची, येऊन सांगायची.
"आन् खोटं सांगितलं तर?" पास्कलनं पहिल्याच दिवशी विचारलं.
"तर सांगितलं. मी काय फौजदार हाय?"

पहिली मला सोपी निघाली होती:
सात दिवस पहाटे, चहाच्या आधी, जपमाळेचं एक दशक.
लुकसला निघालं: आठवडाभर घरात आवाज चढवायचा नाही.
पुढच्या शुक्रवारी तो बाकावर बसलाच नाही.
उभ्यानंच म्हणाला, "मंगळवारपर्यंत जमलं."
एवढंच. मग स्वतःचा उजवा हात बघत राहिला.
कुणी धीर दिला नाही.
मास्तरांनी पाण्याची बाटली सरकवली.
पुन्हा तीच घेतो म्हणाला. घेतली.

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात मला निघालं:
ज्याच्या दारी जात नाहीस त्याच्या घरचं पाणी पी.
मागे: शोल्डर साडेसतरा.

असा एकच. स्तेफन. माझाच भाऊ, दोन गल्ल्या पलीकडं.
आईची पेटी आम्ही दोघांनी उचलली,
तो उजवीकडून, मी डावीकडून,
आणि कबरस्तानातून वेगळ्या वाटांनी घरी आलो.
पाटल्यांवरून, म्हणतात लोक.
लोकांना तेवढंच माहीत.

शुक्रवारी मी सांगितलं: पिलो.
आगुस्तीनबाबानं मान हलवली.
पास्कलनं पाठीवर थाप मारली.
ती थाप तीन आठवडे पाठीवरून उतरली नाही.
वेल्डिंग करताना, आंघोळ करताना, मिस्सेत गुडघे टेकताना,
तिथंच.

जालन्यात आमच्याकडं नळ नवव्या-दहाव्या दिवशी येतो.
तेव्हा बारावा दिवस होता.
दुकान बंद करून निघालो आणि पाय त्या गल्लीत वळले.
मी वळवले, असं म्हणायला धजत नाही.
रोझलीन दारात. पदर सावरला, बोलली काही नाही.
"पाणी दे, वयनी."
ती आत गेली. पिंप तिरकं केल्याचा आवाज,
मग तळाला तांब्या खरवडल्याचा.
अर्धाच तांब्या. मी उभ्यानं प्यालो,
एक थेंब हनुवटीवर सांडू दिला नाही.
स्तेफन आतून आला, बनियनवर, अनवाणी.
त्याचे पाय आईसारखे आहेत, विसरलो होतो.
"तुमच्याकडं आलंय का पाणी?"
"नाही अजून."
"हिकडंबी नाही."
मग दोघं जरा वेळ कोरड्या नळाकडं बघत राहिलो.

शुक्रवारी सांगायला तोंड उघडलं
तर सांगून झालेलं होतं.
मान हललेली, थाप खाल्लेली.
म्हणून उलटं सांगावं लागलं:
तवा नव्हतो पिलो. आता पिलो.

पंखा फिरत होता.
फळ्यावर पोरांनी काढलेलं नोहाचं तारू,
त्यात दोन उंट आणि एकच रिक्षा.
लुकस हसला, जळक्या भुवयांसकट.
आगुस्तीनबाबानं चष्मा पुसला,
मला ठाऊक होतं वगैरे काही म्हणाला नाही.
डबा माझ्याकडं सरकवला.
"काढ. अन् हात खोल घाल. वरच्यावर चाचपू नको."