लेफ्ट आउट : मोसमाआधीची यादी

मे महिना. अजनीत कूलरचं पाणी भरून झालं.
कॉम्प्युटरच्या पंख्याला आतून खोकला लागलाय.
रविवारी लीग सुरू. आठ टीम, आठ लेफ्ट आउट,
आणि त्यांचे नंबर लावायचं काम दरसाल माझ्याकडे,
कारण रेल्वेकडून सात वर्षं मी त्याच रेघेवर पळालो,
आणि कारण फारूखला स्वतःचं अक्षर वाचता येत नाही.

आठवा, कामठीचा जोसेफ तिर्की. वेग एक्याण्णव.
एवढा वेग की चेंडू मागेच राहतो
आणि हा गोलरेषेपाशी एकटा जाऊन उभा,
लग्नघरी एक दिवस आधी पोचलेल्या पाहुण्यासारखा.

सातवा न् सहावा, इतवारी आणि सदर.
कोणाला कुठंही ठेवा. दोघांचे आकडे सारखेच,
प्रोग्रॅमनं कंटाळून बनवलेले.

पाचव्यावर भांडण झालं.
"काहून बे, नंदकिशोर बोपचे पाचवा?
मागच्या साली एकोणीस गोल हायेत त्याचे!"
आहेत ना. त्यातले अकरा खाप्याविरुद्ध,
ज्यांचा गोलकीपर कोणाच्या तरी टायपिंगच्या चुकीनं
दोन महिने शून्य नजर घेऊन उभा होता.

हॉकीची काठी एकाच अंगानं सपाट असते.
डावखुऱ्यांसाठी वेगळी बनत नाही;
सीताबर्डीत मी तीन दुकानांत विचारलं होतं,
तिसऱ्यानं तर मला पाणी पाजून परत पाठवलं.
म्हणून डाव्या कडेनं सुटलेल्याला
चेंडू आत टाकायचा तर
पळता पळता आधी स्वतःलाच वळवावं लागतं,
कंबर एकीकडे, पाय दुसरीकडे,
नाहीतर काठी उलटी करून
तिच्या अंगठ्याएवढ्या टोकावर भरवसा ठेवायचा.
हे सगळं आमच्या लीगमध्ये
'कौशल्य' नावाच्या एका रकान्यात मावतं.
दोन अंकी.

चौथा आणि तिसरा मी झोपेत ठरवले, बदलणार नाही.
दुसरा हरीश मडावी.
त्याच्यात काहीच खोट नाही. म्हणून दुसरा.

पहिला, वाडीचा मोरेश्वर गजभिये.
अख्ख्या मोसमात चार गोल.
फारूखनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
मी म्हटलं, तू निकाल बघतो, मी मॅच बघतो.
वाडीचा सगळा खेळ उजवीकडून चालतो.
गजभिये म्हणजे पडद्यावरचा निळा ठिपका
डाव्या रेघेला चिकटलेला, मोकळा, सत्तर मिनिटं.
चेंडू उजवीकडे सुटला की तोही
नखभर पुढं सरकतो.
दर वेळी.
अडुसष्टाव्या मिनिटालाही.

फारूखच्या भाच्याला, झैदला मी म्हटलं,
एक रकाना वाढव बाबू :
चेंडू न मिळता केलेल्या धावा.
तो हसला नाही, पोरगं चांगलं आहे.
म्हणाला, "काका, जे झालंच नाही
ते मोजायचं कसं?"
मी चहा ढवळत राहिलो.
मला येत होतं ते. सात वर्षं येत होतं.

रविवारी पहिली मॅच. तिसरं मिनिट.
पडद्यावर ओळ उमटली :
गजभिये, मांडीचा स्नायू, सहा आठवडे बाहेर.
फारूख इतका हसला की तर्री सांडली कीबोर्डवर,
आणि आता 'ग' दाबला की दोनदा उमटतो.
"बदलव ना यादी. अजून टाइम हाये."

यादी पेनानं लिहिली आहे.
घरी येऊन कूलर पुन्हा भरला,
दिव्याखाली ती खालून वर वाचून काढली.
बोपचेवर थोडा अन्याय झाला असेल.