धरल्याची खूण

बांबोळीच्या आमच्या खोलीत
भर मार्चच्या दुपारीही पडदे काळे.
आधी काचेच्या नळीत अल्ब्युमिन,
मग इनास फुर्तादोच्या बाटलीतला एक थेंब.
बाटलीला फॉइल गुंडाळलेली,
कारण आतल्या पॉर्फिरिनला उजेड सोसत नाही.
इनासलाही.

चार कड्यांची अंगठी ती.
मधोमध लोखंड बसलं तर हीम:
काळपट, गप्प, कामाचं.
नाही बसलं तर नुसता पोकळ घेर,
जांभळ्या दिव्याखाली
भट्टीतल्या निखाऱ्यासारखा लाल.

अल्ब्युमिन म्हणजे चोडणची फेरीबोट.
माशांची पाटी घेते, परकं औषध घेते,
चालत्या माणसाला तिकीट विचारत नाही.
हिमोपेक्सिन तसं नाही.
ते शोधतं लोखंडवालीला, एकटीला,
आणि मूठ अशी आवळतं
की यकृताचा उंबरा येईतो बोट ढिलं होत नाही.
आत पेशीत दुसरी असतात,
आल्यागेल्याला पडवीवर बसवून घेणारी.

इनासची अंगठी
आठही टोकांनी आंबट.
कुणाच्या कुशीत धड मावत नाही.
बरीचशी लघवीत उतरते,
उरलेली हातांच्या कातडीत दबा धरून
काजूच्या हंगामातल्या उन्हाची वाट बघते.

धरलं की नाही, कळतं कसं?
प्रथिनाला स्वतःचा एक फिका उजेड असतो.
त्यानं कुणाला पोटाशी घेतलं
की तो मंदावतो.
एवढीच खूण.
मी आकडे उतरवत जाते, थेंबामागे थोडा अंधार.
आज रेघ फारशी खाली गेलीच नाही.

खाली तो बाकावर,
पुऱ्या बाह्यांचा शर्ट, हातांत बायकोचे मोजे.
लोखंड उतरावं म्हणून बाटलीभर रक्त काढलेलं.
"हांवें सोरो सोडला, बाय."
आणि भट्टी?
भट्टी कशी सुटेल. गाळतो अजून,
चाखायचं काम आता एर्मेलिंदाकडे.
ती म्हणते, यंदा धार पातळ आहे.

साडेपाचची फेरी. रायबंदरचा धक्का सुटला.
माझं घर अलीकडेच, पण मावशीला औषध द्यायचं होतं.
तो कठड्याशी, मोजे खिशात,
घाम येतो म्हणे.
पणजीकडून ऊन आडवं येत होतं,
नेमकं त्याच्या मनगटांवर,
जुन्या फोडांच्या खपल्यांवर.
मी स्कूटरला वळसा घालून
त्या बाजूला जाऊन उभी राहिले.
तो पावसाळ्याबद्दल काहीतरी बोलत होता.
त्याला कळलं नसावं.