फेरी दोनशे चौदा

तीस वर्षं मी माझगावच्या गोदीत
दुसऱ्यांच्या जहाजांचे हिशेब लिहिले.
आता माझी स्वतःची नऊ जहाजं आहेत
आणि सहा शहरं, प्रत्येकात धान्याचं कोठार,
शेजारच्या जोएलच्या जुन्या लॅपटॉपवर,
ज्याची एक बिजागरी दोऱ्याने बांधलीय.

जोएल चौदा वर्षांचा. त्याची फेरी मिनिटभराची :
घोडेस्वार पुढे, घोडेस्वार पुढे,
गाव जाळलं, संपलं.
"खोत आंटी, तुमचा टर्न," म्हणून तो
पाव आणायला खाली उतरतो.
परत येतो तेव्हा मी अजून
नदीचं पाणी कुठल्या शेताला द्यावं, यातच.
"आंटी, हे युद्ध आहे. बचत गट नाही."

मी त्याला सांगत नाही
की पहिल्या चाळीस फेऱ्यांत मी एकच भालाईत घडवला,
उत्तरेच्या टेकडीवर उभा केला
आणि विसरून गेले.
मग गहू. मग मिठागरं. मग बाजार.
खजिन्यात फेरीमागे सतरा मोहरा,
मग बावीस, मग एक्केचाळीस.
आकडा चढताना माझ्या पोटात जे हलतं
ते त्याच्या पोटात
तलवारीने हलत असावं.

पण भरलेलं कोठार आणि उघडी वेस
म्हणजे शेजाऱ्याला आवतणच.
एकशे साठाव्या फेरीला तो आला.
दोन शहरं गेली, चहा निवायच्या आत.

मग मीही. लोखंड काढलं, भट्ट्या पेटवल्या,
वाचनालयाच्या विटा तटाला लावल्या
(ते अर्धं राहिलं, अजून तसंच आहे)
आणि दोनशे बाराव्या फेरीला
त्याची राजधानी घेतली.
जोएल पाच मिनिटं बोलला नाही.
मला लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

जिंकलेलं शहर काय असतं ते कुणी सांगत नाही.
ते धुमसतं. कर देत नाही. भाकरी मात्र मागतं.
पहाऱ्याला तीन तुकड्या, तिन्हींना पगार.
फेरी दोनशे चौदा : खजिना उणे नऊ.
लाल आकडा.
त्याची माझी जुनी ओळख आहे.

खेळ विचारतो, कोणाला बरखास्त करायचं?
यादी उघडते. सर्वांत वर
टेकडीवरचा भालाईत.
एकही लढाई नाही. दर फेरीला एक मोहर.

अशी यादी मी एकदा केली आहे.
मार्च महिना, एकशे अठरा नावं.
साहेबांनी रकाने सांगितले, वय, रजा, उपयुक्तता;
मी पट्टीने रेघा मारल्या. अक्षर माझं चांगलं.
अडतिसावं नाव धाकू मांजरेकर, क्रेनवाला,
सही येत असून पगारपत्रकावर अंगठा द्यायचा,
मागे रांग असते म्हणून.
तेव्हा होय की नाही
असं मला कुणी विचारलं नव्हतं.
किंवा विचारलं असेल.

जोएल पाव घेऊन आलाय.
"हा जुना काढा ना आंटी, काय कामाचा?"
कामाचा नाहीच.
मी शोधत राहते. तिसऱ्या पानावर, अगदी तळाला
सापडतं : शहर परत करा.

"जिंकलेलं कोण परत देतं?" तो ओरडतो,
त्याचंच शहर असून ओरडतो.
पुढच्या वेळी तो घोडे दुप्पट आणणार,
मला माहीत आहे. मीही आणले असते.

तीन तुकड्यांतल्या दोन तटावर आल्या,
तिसरी वाटेत आहे.
बॅटरी अकरा टक्के.
खजिना अजून उणे दोन.
एखादं कोठार विकावं लागेल,
दक्षिणेचं, किंवा मधलं.
भालाईत टेकडीवर आहे.
बाकीचं बघू पुढच्या फेरीला.
पाव गरम आहेत तोवर खाऊन घेऊ.